हजार वेळा पुसता येणारी डिस्क

“ताई, ही आरडब्ल्यू आहे. पाटी समजा हिले. पाटीवर पोरीचं काही जपून ठेवते का कोणी?”

भैयाजींनी हे जवळपास चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. सीताबर्डीच्या एका बोळात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर कोपरं टेकवून, चष्म्यावरून बघत ते म्हणाले होते, आणि हिमानी हसली होती. तिने डबी उलटी करून त्यांच्यापुढे धरली.

“इथे लिहिलंय ना, हजार वेळा लिहा, हजार वेळा पुसा. मी काय हजार वेळा पुसणार आहे?”

“कंपनीनं लिहिलं ते कंपनीच्या एसीत बसून लिहिलं. बाकी तुमची मर्जी.”

तिने डिस्क घेतली, सोबत यूएसबीवर चालणारा रायटरही घेतला, आणि भैयाजींचं बोलणं त्याच बोळात सोडून घरी आली.

भैरवी तेव्हा दहा महिन्यांची होती. तिचं डोकं वयाच्या मानाने किंचित मोठं वाटतं, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला होता. एवढ्याशा पोरीला गुंगीचं औषध देऊन त्या मोठ्या नळकांड्यात सरकवलं, तेव्हा हिमानीने बाहेरच्या बाकावर नखं कुरतडून संपवली होती. निदान निघालं ते असं: मेंदूच्या आवरणात डाव्या बाजूला पाण्याची एक पिशवी. रिपोर्टमध्ये तिच्यापुढे फक्त ‘लहान’ असा शब्द. किती लहान, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “पुष्कळ मुलांना असते. वाढली नाही तर आयुष्यभर काही करत नाही. लक्ष ठेवा.”

लक्ष ठेवा, हे हिमानीला सांगायची गरज नव्हती. तिला झोपेतही पोरीच्या श्वासाचा आवाज बदललेला कळायचा.

सेंटरने एक फिल्म दिली होती आणि कागदी पाकिटात एक सीडी. फिल्म पहिल्याच उन्हाळ्यात गेली. कूलरची टाकी गळली, खाली ठेवलेली पिशवी रात्रभर भिजली आणि चित्रं एकमेकांना चिकटून बसली. त्या सेंटरला पुढे कुलूपही लागलं. पण हिमानी निर्धास्त होती. तिने सीडी केव्हाच आपल्या आरडब्ल्यूवर उतरवली होती, लसींचं कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तिच्यावर. भैरवीची सगळी तब्येत एका चकतीत.

एवढ्यावर ती थांबली असती, तर ती हिमानी नव्हती.

तिचं शिक्षण एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने दोन वर्षं एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून केली होती. काचेच्या नळीतले जंतू दर महिन्याला नव्या, ताज्या खाद्यावर उतरवायचे. उतरवले नाहीत तर मरतात, उतरवत राहिलं तर वर्षानुवर्षं जगतात. हाताला लागलेली ती सवय डिस्कला लागू झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर घ्यायची, डिस्क पुसायची, पुन्हा लिहायची, उघडून तपासायची, आणि लॅपटॉपवरची प्रत काढून टाकायची. लॅपटॉप नवऱ्याच्या, ऋषिकेशच्या ऑफिसचा, त्यात घरचं काही ठेवायला मनाई. डिस्क ताजी झाली, असं तिला वाटायचं. पाकिटावर पेन्सिलीने एक टिंब द्यायची आणि मग कुठे तिला जेवण गोड लागायचं.

“झालं का देवाचं स्नान?” ऋषिकेश पेपरमागून विचारायचा.

“हसा. उद्या लागली की मलाच विचाराल, कुठे आहे म्हणून.”

गेल्या डिसेंबरपासून भैरवीचं डोकं दुखायला लागलं. बालवाडीतून आली की कपाळ दाबून सोफ्यावर पालथी पडायची. मग महिन्याचं स्नान दर आठवड्याला होऊ लागलं. दुखणं आपल्या हातात नव्हतं. डिस्क होती.

एप्रिलमध्ये नवा एमआरआय झाला. आता सीडी वगैरे कोणी देत नाही, फोनवर लिंक येते. गुरुवारी सकाळी मेंदूच्या सर्जन डॉ. उत्तरा यांनी त्यांच्या पडद्यावर ती चित्रं वर-खाली केली आणि माप घेतलं.

“तीन पूर्णांक चार सेंटिमीटर. आता मला एकच गोष्ट हवी आहे. २०२१ मध्ये ही केवढी होती? तेव्हाही साधारण एवढीच असेल, तर हिला हातही लावायचा नाही. वाढली असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल, आणि मग मी फार थांबणार नाही.”

“आणि जुनं मिळालंच नाही तर?”

“तर सहा महिने थांबून पुन्हा बघावं लागेल. डोकं दुखतंय म्हणून तसं थांबायला मला आवडणार नाही. आहे ना तुमच्याकडे?”

“आहे,” हिमानी म्हणाली, आणि त्या क्षणी तिला स्वतःचा चक्क अभिमान वाटला.

“माझ्या कॉम्प्युटरला आता सीडीची जागा नाही. पेनड्राइव्हवर टाका आणि सोमवारी या.”

घरी आल्या आल्या, चप्पल पायात असतानाच तिने रायटर जोडला. डिस्क फिरली. घर्र, टक. घर्र, टक. पडद्यावर आलं: डिस्क रिकामी आहे.

तिने काढली, फडक्याने पुसली, घातली. रिकामी. शेजारच्या हर्षाच्या जुन्या कॉम्प्युटरवर नेली, तिथे तर ती डिस्क आहे हेच त्याला कळेना. मग तिला आठवलं. गेल्या रविवारी लिहून होतं न होतं तोच भैरवीला उलटी झाली होती. ती धावली होती. डिस्क तपासायची राहिली होती, पण संध्याकाळी लॅपटॉपवरची प्रत मात्र तिने न विसरता काढून टाकली होती. ऋषिकेशच्या ऑफिसच्या माणसाने फोनवर सांगितलं, त्या लॅपटॉपमधून काढलेलं परत येत नाही, मुद्दामच तसं ठेवलंय.

संध्याकाळी ती नुसती घरात फिरत राहिली. ओट्यापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून पलंगापर्यंत.

“भैरू, डोकं दुखतं का गं?”

“तू विचारलं की दुखते,” भैरवी म्हणाली आणि चित्रात पिवळा रंग भरत राहिली.

शुक्रवारी भैयाजींनी डिस्क उजेडात तिरपी धरली. आतल्या बाजूचं एक कडं बोटाने दाखवलं. तिथे रंग किंचित वेगळा, मळकट.

“किती वेळा लिहिली?”

हिमानीने पाकीट पुढे केलं. भैयाजींनी टिंबं मोजली. एकसष्ट.

“काहून वं ताई?” ते खरंच चकित झाले होते. “इतका मजकूर बदलत होता?”

“मजकूर तोच होता. ताजा करत होते.”

भैयाजींनी चष्मा काढला. “आता नीट ऐका. हिच्या आत धातूचा पातळ थर असते. लेझर त्याले तापवते, थर तेवढ्या जागी वितळते, गार झाला का खूण बनते. पुसाले गेलं का पुन्हा तापवणं. तवा तापवून तापवून ताजा होते का?”

“पण हजार वेळा...”

“चांगली डिस्क, चांगला रायटर, थंडी खोली, आणि बोट लागू दिलं नाही, तर चालते शेकड्यानं. ही आपली फुटपाथच्या भावाची. कपाट कुठी आहे तुमचं?”

“पश्चिमेच्या भिंतीला.”

“झालं. मे महिन्यात त्या भिंतीले हात लावून पाहा एकदा. आन् दुसरं असं, काय कुठी ठेवलं त्याची यादी डिस्कच्या सुरुवातीले राहते. कवाही लिहा, कवाही पुसा, त्या जागेले भाजणं आहेच. पयले तेच मरते. यादी मेली का बाकीचं असून नसल्यासारखं.”

त्यांनी तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघितलं. एकात लसींच्या कार्डाचा अर्धा फोटो निघाला, बाकी काही नाही. मग त्यांनी डिस्क परत पाकिटात सरकवली आणि विचारलं, “सेंटरनं दिलेली मूळ सीडी?”

हिमानीचा हात तोंडावर गेला.

तिने ती देऊन टाकली होती. दोन वर्षांआधी संक्रांतीला सासूबाई आल्या होत्या. घरातल्या बिनकामाच्या सीड्या मागत होत्या, शेतात पाखरं हाकायला. हिमानीने उत्साहाने कपाट आवरलं होतं. लग्नाच्या, गाण्यांच्या, कॉलेजच्या, आणि सेंटरची ती एक. आपल्याकडे कॉपी आहे ना, मग ही कशाला?

दुकानाच्या पायरीवरूनच तिने फोन लावला. सासूबाई रंभाबाई नरखेडकडच्या गावी राहतात, संत्र्याची बाग स्वतः बघतात, आणि फोनवर विहिरीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारख्या बोलतात.

“आई, त्या सीड्या आहेत का हो अजून?”

“कोणत्या वं?”

“मी दिल्या होत्या त्या. पाखरांसाठी.”

“आहे ना. दोन वर्ष पोतडीतच होत्या. औंदा थंडीत बांधल्या विहिरीजवळच्या पेरूले. राघू दोन दिवस भ्याले, मंग त्या चकतीपाशी बसूनच पेरू खाल्ले मेल्यायनं. काहून, तुले परत पायजे का?”

हिमानीने सांगितलं. 

“इतकी भारी होती तर सांगावं ना माय. पाटल्यांसंगं पेटीत ठेवली असती म्या.” मग आवाज खाली आला. “तू सकाळीच ये. मी झाडाले कोणाले हात लावू देत नाही.”

शनिवारी पहिल्या एसटीने ती भैरवीला घेऊन निघाली. ऋषिकेश म्हणाला होता, पोरीला घरी ठेव, ऊन आहे, मी सुट्टी टाकतो. पण पोर नजरेआड ठेवून हिमानीला वाटेवरच्या काटोलपर्यंतही जाववलं नसतं. दुपट्ट्यात दोघींची डोकी गुंडाळून ती खिडकीशी बसली आणि पूर्ण रस्ताभर भैरवीच्या कपाळाला हात लावत राहिली, इतकी की शेवटी भैरवीने तिचा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवून दिला.

फाट्यावर रंभाबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी नातीला उचललं, मग सुनेचं तोंड पाहिलं, आणि काही न विचारता शेताकडे चालू लागल्या.

विहिरीजवळ पाच पेरूची झाडं. त्यांच्यावर बावीस चकत्या सुतळीला लटकून फिरत होत्या, मध्येच डोळ्यावर तिरीप मारत होत्या. यातल्या एकीत आपल्या लेकीचं डोकं आहे, चार महिन्यांपासून उन्हात टांगलेलं.

“वाऱ्यानं खडखड वाजतात, आजी!” भैरवी टाळ्या पिटत होती.

सगळ्यांवरची अक्षरं उडून गेली होती. ‘भैरवी’ असं मार्करने लिहिलेलं होतं, त्यातला काना-मात्राही शिल्लक नव्हता. हिमानी एकेक चकती सोडवून उजेडात धरत होती. काचेसारख्या झाल्या होत्या; आरपार रंभाबाईंचं लुगडं दिसत होतं. पंधरावी, सोळावी. सतरावीची गाठ तिला सुटेना.

“खाली बस,” रंभाबाई म्हणाल्या. “पाणी पे. मी सोडतो बाकीच्या.”

“आई, माझ्या हातून...”

“चूप. तुह्या हातून काही झालं नाही. जपलं तूनं. जपता जपता जास्त झालं, येवढंच.” आणि सुतळीची गाठ दाताने तोडत त्यांनी एक चकती पुढे केली. “हे पाय. हे कायले अशी राखुंडीवानी?”

ती पारदर्शक झाली नव्हती. मागची बाजू गडद राखाडी, चरे पडलेली, पण भरीव. फांद्यांच्या आत, पानांच्या सावलीत बांधलेली होती.

बावीसच्या बावीस चकत्या मऊ लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून, एकेक वेगळी, हिमानीने नागपूरला आणल्या.

रविवारी दुकान बंद असतं. भैयाजींनी तिच्यासाठी अर्धं शटर वर केलं. राखाडी चकती साध्या पाण्याने धुतली, मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली आणि निरखून बघितली. मग ते हसू लागले, पार खोकला येईपर्यंत.

“काय झालं?”

“ताई, सेंटरवाल्यानं बी तुम्हाले आरडब्ल्यूच दिली होती! वापरलेली! पैसे वाचवून राहिला होता.”

“म्हणजे गेली?”

“उलटं. बाकीच्यांत रंग असते, उन्हानं उडते. हिच्यात धातू आहे, उन्हानं तितका मरत नाही. आन् लिहिली असन दोनदाच.” त्यांनी बोट वर केलं. “पण नशीब म्हणा. नियम म्हणू नका. पुन्हा पाटीवर काही ठेवाल तर दुकानात पाय ठेवू देणार नाही.”

एक जुना, जाडजूड ड्राइव्ह त्यांनी माळ्यावरून काढला. सगळ्यात कमी वेगावर लावला. डिस्क फिरायला लागली, आणि हिमानी उभीच राहिली. एक चित्र निघायला कधी मिनिट, कधी पाच. चऱ्यापाशी ड्राइव्ह अडायचा, मागे जायचा, पुन्हा प्रयत्न करायचा. हिमानी दारापर्यंत जायची, परत यायची. भैयाजींनी दोनदा चहा मागवला. तिने दोनदा तो थंड केला.

“बसा ना वं. तुमच्या फिरण्यानं ते जोरात फिरणार आहे का?”

दुपारी चारपर्यंत एकशे ऐंशीपैकी चौसष्ट चित्रं निघाली होती. प्रत्येकावर कोपऱ्यात इंग्रजीत भैरवीचं नाव, वय दहा महिने. हिमानीने पडद्यावर हात ठेवला. भैयाजी नजर वळवून ड्राइव्हच्या वायरीशी उगाच चाळा करत राहिले.

त्यानंतरही चित्रं येत राहिली. पण हे डोकं वेगळं होतं. मोठं.

“थांबा,” हिमानी म्हणाली. “नाव वाचा.”

कोपऱ्यात लिहिलेलं होतं: वेदिका, खापा. तीन वर्षं. तारीख भैरवीच्या महिनाभर आधीची, जुलै २०२१.

“सेंटरवाल्यायनं पुसली तवा नुसती यादी पुसली,” भैयाजी हळूच म्हणाले. “वरून तुमच्या पोरीचं लिहिलं. जितक्यावर लिहिल्या गेलं नाही, तितकं खाली तसंच राहिलं.” ते मान खाजवत राहिले. “कोणाची असन पोरगी?”

सेंटर बंद. आडनाव नाही, फोन नाही. अकरा चित्रं आणि एका गावाचं नाव.

सोमवारी डॉ. उत्तरांनी भैरवीची जुनी-नवी चित्रं शेजारी शेजारी लावली. तीन ठिकाणी मोजलं, पुन्हा मोजलं. 

“तीन पूर्णांक तीन. तेव्हाही एवढीच होती. हा फरक धरायचाही नाही. ऑपरेशन नाही.” त्या खुर्चीत मागे टेकल्या. “डोळे तपासलेत का हिचे? फळ्याकडे कशी बघते?”

“डोळे बारीक करून,” भैरवीच म्हणाली. “तसंच दिसते.”

ऋषिकेश भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होता. हिमानी रडली नाही. तिने पर्समधून दुसरा पेनड्राइव्ह काढला.

“मॅडम, ही माझी नाही. पण एकदा बघाल का?”

डॉक्टरांनी आधी नकार दिला. दुसऱ्याच्या मुलीचं असं परस्पर बघत नाहीत, म्हणाल्या. मग हिमानीने ते कसं सापडलं ते सांगितलं, आणि त्यांनी बघितलं. पहिल्या चित्रावरच त्यांचा हात माऊसवर थांबला.

“रिपोर्ट नाही, चित्रं अर्धवट आहेत. मी ठामपणे काही सांगणार नाही. पण मी त्या वेळी हे पाहिलं असतं, तर आईवडिलांना घरी जाऊ दिलं नसतं. उपचार झाले असतील, हिमानी. बहुतेक झालेच असतील. पण कोणीतरी विचारलं पाहिजे.”

सावनेरला ऋषिकेशचा एक मित्र आहे. तो खाप्याला जाऊन आला. अंगणवाडीच्या बाईंनी दोन वेदिका सांगितल्या. एक दोन वर्षांची निघाली, दुसरी कॉलेजात शिकते. हिमानी स्वतःही गेली, दोन शाळांमधून फिरली, कन्हान नदीच्या घाटावर बसलेल्या बायकांना विचारून आली. कुटुंब गाव सोडून गेलं असेल, कोणी म्हणालं. मामाच्या गावाचं नाव दिलं असेल, दुसऱ्याने सांगितलं. चित्रं फोनवर गावभर पाठवायला मात्र ती तयार नाही. आपल्या भैरवीचं डोकं कोणी असं हातोहात फिरवलं असतं, तर?

भैरवीला चष्मा लागला. दुखणं थांबलं. हिमानीचं फिरणं थांबलेलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती तारखा मोजते. जुलै २०२१ पासून आजपर्यंत.

म्हणून ती भेटेल त्याला विचारते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही विचारते आहे. खाप्यात, सावनेरला, त्या बाजूच्या कुठल्याही गावात तुमचं कोणी असेल, तर आजच एक फोन करा. वेदिका नावाची मुलगी, आता सातेक वर्षांची. २०२१ च्या पावसाळ्यात तिच्या डोक्याचा एमआरआय नागपूरला झाला होता. सापडली, तर तिच्या आईला घाबरवू नका. जुनी चित्रं एका घरात जपून ठेवली आहेत, हवी तेव्हा मिळतील, असं सांगा. आणि एवढंच विचारा: पोर बरी आहे ना? नंतर पुन्हा डॉक्टरांकडे नेलं होतं ना?

नसेल नेलं, तर फोन ठेवू नका. त्या घरी जा.